वीस मार्चची ओंजळ

आमच्या घरात शिळं चालायचं, उष्टं चालायचं नाही. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या घरात कधी कुणी उष्टं मागून आणलेलं नसतं. रात्रीची भाकरी सकाळी तेल-तिखट लावून खायची, त्यात कसला कमीपणा नव्हता. पण एकाच्या ताटातला घास दुसऱ्यानं उचलला की अप्पांचा आवाज चढायचा. लहानपणी एकदा मी धाकट्या अक्षताच्या ताटातलं उरलेलं वरण तोंडाला लावलं, तर अप्पांनी ताटली माझ्या हातातून काढून घेतली आणि मायला म्हणाले, "तिला पुन्हा वाढ. डबल वाढ. पर उष्टं न्हाई." या तत्त्वापायी आम्ही दोघी बहिणी चांगल्या गुटगुटीत झालो.

अप्पा म्हणजे आमचे वडील, रामकिसन. अंबड डेपोला कंडक्टर होते. त्यांची आई साळूबाई गावात दारोदार फिरून उरलंसुरलं मागून आणायची. गाव त्याला आमचा 'हक्क' म्हणायचं. असल्या गोष्टीला हक्क म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय म्हणू? छप्पन साली धम्म घेतला आणि साळूबाईनं ते उष्ट्याचं गाडगं वेशीवर नेऊन फोडलं. अप्पा तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. "पर लई पोट भरल्यासारखं वाटलं," असं ते सांगायचे.

अशा घरातल्या धाकट्या मुलीनं सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली आणि एक दिवस लग्नातल्या खरकट्यानं भरलेले ड्रम टेम्पोतून वस्तीवर आणून उतरवले. ड्रम निळे होते, एवढाच काय तो त्यांचा आमच्या वस्तीशी संबंध.

त्या दिवशी मी घरी होते. मी थोरली, संध्या. जाफराबादकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सुटीला माहेरी येते. आमचं गाव वडीगोद्रीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडं आत. टेम्पो आमच्याच वस्तीतल्या मच्छिंद्रचा. त्यानं मागचं फळकूट पाडलं आणि आंबलेल्या मसालेभाताचा असा भपकारा आला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. अप्पा ओट्यावरून उतरले, ड्रमाजवळ गेले, झाकण उघडून आत बघितलं. पुऱ्या, भात, कोशिंबीर, अर्धे चावलेले लाडू.

"कुणाचं हाये हे?"

"मंगल कार्यालयातलं, अप्पा," अक्षता म्हणाली. "लग्नात उरलेलं. पत्रावळीतलं."

"म्हंजी उष्टं."

"माझ्या जिवाणूंना खायला लागतं ते."

अप्पांनी झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाले, "माझ्या मायनं ज्याच्यापायी गाडगं फोडलं, ते तू ड्रम भरभरून आणून राह्यली. एवढी शिकून." आणि घरात निघून गेले. त्यानंतर ते अक्षताशी बोलले नाहीत. रागावले, भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं तिच्याशी बोलणं बंद केलं. तिकिटाचे पैसे न देणाऱ्या माणसाशीसुद्धा ते जन्मात असे वागले नव्हते.

आता अक्षताचं म्हणणं काय होतं ते सांगते, कारण त्यात तिची चूक मला तेव्हाही दिसली नव्हती आणि आजही दिसत नाही.

आमच्या वस्तीची विहीर ओढ्याच्या काठावर आहे. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीनं ती स्वतःच्या हातांनी खोदली. गावच्या विहिरीवर आम्हाला तेव्हाही लांब उभं करायचे, कायदा काहीही म्हणो. अप्पा वीस-बावीस वर्षांचे होते. कठडा बांधताना त्यांनी ओल्या सिमेंटात बोटानं 'रामकिसन १९७२' असं लिहून ठेवलं. पाणी लागल्यावर वस्तीनं एक रीत पाडली. महाडच्या चवदार तळ्याचा दिवस म्हणून दर वीस मार्चला सगळ्यांनी विहिरीवर जमायचं. वस्तीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं पहिली ओंजळ प्यायची, मग बायकांनी, मग लेकरांनी. आम्ही दोघी या ओंजळीवर वाढलो. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरी निघतानासुद्धा अप्पांनी मला त्या विहिरीवर नेऊन पाणी पाजलं होतं, तेव्हा तर मार्चही नव्हता.

पुढं रस्ता रुंद झाला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला मंगल कार्यालयं आली, ढाबे आले. लग्नसराईत ट्रॉल्याच्या ट्रॉल्या अन्न ओढ्यात ओतायचे. ढाब्यांच्या संडासांचे खड्डेही तिकडंच पाझरायचे. हजार माणसांनी जेवून उरवलेलं सगळं कुजत कुजत आमच्या विहिरीत यायचं. पाणी आधी पिवळट झालं, मग काळपट, त्यावर साय धरायला लागली. बादली वर काढली की नाक दाबावं लागे. लोक प्यायला जारचं पाणी आणू लागले आणि वीस मार्चची रीत बंद पडली. एका वर्षी मच्छिंद्रनं जार विहिरीच्या कठड्यावर ठेवून ओंजळी भरायचा घाट घातला होता. अप्पा म्हणाले, "इकत घेतलेलं पानी पिऊन कसला सत्याग्रह करता रे?" आणि तिथून उठून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ते न जेवलेलं अक्षतानं बघितलं होतं. तिची पीएचडी त्या दिवसातून आलेली आहे, तिच्या गाइडला काहीही वाटो.

तिनं जे केलं ते ऐकायला सोपं आहे. सडकं अन्न खाऊन संपवणारे जिवाणू तिनं त्याच ओढ्याच्या चिखलातून शोधून काढले. लग्नातलं खरकटं ओढ्यात जायच्या आत ड्रमात भरायचं, त्यात गूळ आणि ते जिवाणू विरजणासारखे सोडायचे. अन्नाचं खत होतं, ते शेतात जातं. वरचं पाणी नारळाच्या काथ्याच्या गाद्यांना पाजायचं आणि त्या गाद्या ओढ्यात आडव्या बसवायच्या. ओढ्याचं पाणी त्यांच्यातून गाळून येतं आणि येताना जिवाणू त्यातली घाण खातात. कार्यालयवाल्यांना खरकटं वेगळं काढायला लावणं हे मात्र जिवाणूंना शिकवण्यापेक्षा अवघड होतं. तिथले लोक तिला आधी हसले. मग कुणीतरी नाव विचारलं, मग आडनाव, मग म्हणाला, "हां, मग न्या की, तुमचंच काम आहे." हे ती मला रडत सांगत होती आणि डोळे पुसून पुन्हा ड्रम धूत होती. "अप्पांना सांगू नको, ताई," म्हणाली. मी सांगितलं नाही. सांगून काय, त्यांना न सांगताही ते माहीत होतं. त्यांचा राग ड्रमावर नव्हताच, असल्या वाक्यांवर होता.

कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, दुपारी जालन्याहून बस धरायची, येऊन ड्रम ढवळायचे, असं तिचं चाललं. सगळ्या वस्तीनं मिळून विहीर उपसली, गाळ काढला. आमची माय, बेबीनंदा, दोघांच्या मधे सापडली. ती नवऱ्यासमोर ड्रमाचं नाव काढायची नाही आणि नवरा विहाराकडं गेला की पदर खोचून गूळ फोडायला बसायची. "तुझे किडे जेवले का गं?" असं अक्षताला विचारायची. "किडे नाही माय, जिवाणू." "तेच ते. लेकरावानी खायाला लागतं त्यायला."

विहाराच्या ओट्यावर अप्पांची एक प्लास्टिकची खुर्ची असायची. ड्रम आले तशी त्यांनी ती विहिरीकडं पाठ करून ठेवली. पुढं कधीतरी मी आले तर खुर्ची आडवी झाली होती. ऊन लागतं म्हणून, असं ते म्हणाले, मी विचारलंही नव्हतं. दिवाळीला आले तेव्हा विहिरीत बेडूक परत आले होते आणि खुर्चीचं तोंड थेट विहिरीकडं होतं. माय मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, खुर्ची फिरून राह्यली तुझ्या अप्पाची. तोंड कधी फिरतंय कोण जाणे."

पाणी निवळलं होतं. वास गेला. तळातला दगड दिसायला लागला. लोक कठड्यावर वाकून स्वतःची तोंडं बघायचे आणि हसायचे. मला तर शाळेतल्या पोरांना आणून दाखवावंसं वाटत होतं.

अक्षता तेवढी खूश नव्हती. तिच्याकडं छोट्या छोट्या बाटल्या होत्या. त्यात पाणी भरून एक दिवस ठेवायचं. पाण्यात रोगाचे जंतू असले की ते काळं पडतं, नसले तर तसंच राहतं. खिडकीत ओळीनं ठेवलेल्या तिच्या सगळ्या बाटल्या काळ्या व्हायच्या. "घाण गेली, ताई, पण संडासाचे खड्डे अजून पाझरतात," ती म्हणाली. "माझे जिवाणू सडकं खातात, रोगाचे सगळे जंतू नाही खात. आता विहिरीत क्लोरीनची पावडर टाकली तर माझेही मरतील. पाणी वेगळ्या टाकीत घेऊन तिथं क्लोरीन द्यायला पाहिजे. टाकी झाली की प्या." टाकीसाठी ती ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवत होती. तिथं सगळे तिचं कौतुक करायचे आणि टाकी काही व्हायची नाही.

तोवर वीस मार्च आला.

मी रजा टाकून आले होते. मच्छिंद्रनं विहिरीला पताका लावल्या होत्या. इतक्या वर्षांनी रीत पुन्हा सुरू होणार म्हणून लेकीबाळी माहेरी आल्या होत्या. अक्षतानं सगळ्यांना आधीच बजावलं होतं आणि तिथंही पुन्हा सांगितलं. ओंजळ घ्यायची, कपाळाला लावायची, जमिनीवर सोडायची. प्यायचं नाही. यंदा एवढंच, पुढच्या वर्षी पिऊ. लोकांनी माना हलवल्या.

मग अप्पा आले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पायात ड्युटीवर घालायचे ते बूट, पॉलिश केलेले. ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. गर्दी बाजूला झाली. मच्छिंद्रनं बादली ओढली आणि त्यांच्यापुढं धरली. अप्पांनी बाह्या दुमडल्या, वाकले आणि ओंजळ भरून घेतली. ती कपाळाकडं जाईल म्हणून आम्ही बघत होतो. ती तोंडाकडं निघाली.

"अप्पा, पिऊ नका!" अक्षता ओरडली. चांगली मोठ्यानं ओरडली, सगळ्यांनी ऐकलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोकांनी काय काय म्हटलं.

अप्पा थांबले. तिच्याकडं बघून हसले. वर्ष उलटून गेलं होतं त्यांनी तिच्याकडं बघितल्याला.

"अक्षता, पानी पिऊ नको म्हननारे म्या लई पाह्यले, पोरी."

आणि प्यायले. सबंध ओंजळ. मग दुसरी. मिशा पुसून म्हणाले, "गोड हाये. बिलकुल बहात्तर सालासारखं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयभीमचा गजर झाला, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही रडत होते, आनंदानं. लेकरं बादलीकडं धावली, तेवढ्यात अक्षतानं पायानं बादली उलटी केली. सगळ्यांना वाटलं ती गडबडीत अडखळली. अप्पांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. वर्षभर ज्या हाताची वाट बघितली तो डोक्यावर होता आणि तिला तो नको होता.

पाणी पिऊ नका, हे वाक्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. म्हणणारा दर वेळी लबाड होता. पाण्यात कधी काही नसायचं, जे असायचं ते म्हणणाऱ्याच्या डोक्यात. ते वाक्य एकदाच खरं निघालं आणि ते त्यांच्याच लेकीनं म्हटलं. अप्पांनी ते कसं ओळखावं?

दोन-तीन दिवसांनी त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. "ऊन लागलं," ते म्हणाले. साखरेचा आजार जुना, अंगात पाणी राहीना. अंबडला सलाइन लावलं, तिथून जालन्याला नेलं. तिथल्या कल्याणी म्हणून डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं, प्यायले?" माय म्हणाली, "न्हाई बाई, घरचंच." अक्षता म्हणाली, "विहिरीचं पाणी प्यायलेत. अमुक अमुक तपासा." बाईंनी तपासलं आणि तेच निघालं. औषधं बरोबर होती, पण तोवर किडन्यांनी हात टेकले होते.

त्या वॉर्डात अप्पा आणि अक्षता जितकं बोलले, तितकं आधी कधी बोलले नसतील. ते तिला जिवाणूंची नावं विचारायचे आणि ती सांगायची. "अवघड नावं ठिवली तुमच्या लोकायनी. आपल्यात ठिवायचं की पुंजाराम, मच्छिंद्र, काहीतरी." ती हसायची. एकदा म्हणाले, "माझ्या पोटात हायेत ते तुझेच का?"

"नाही, अप्पा. माझे असते तर बरं झालं असतं."

तिच्या हातात अर्धा प्यालेला चहाचा कप होता. अप्पांनी हात पुढं केला. "दे त्यातला घोटभर."

"उष्टा आहे, अप्पा."

"दे."

डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. अप्पांनी तो कप दोन्ही हातांनी धरून रिकामा केला, परत दिला आणि डोळे मिटून पडून राहिले. साळूबाईनं गाडगं फोडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कुणाचं उष्टं तोंडाला लावलं होतं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

शेवटी शेवटी त्यांनी अक्षताला जवळ बोलावलं. "त्या पान्यानंच झालं ना?"

ती त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत राहिली. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा लहानपणापासूनचा दोष.

"असू दे," अप्पा म्हणाले. "तू बराबर सांगितल्तं. म्याच ऐकलं न्हाई. पर एक ऐक माझं. कुनाफुडं इहिरीला नाव ठिवू नको. लई कष्टाची इहीर हाये ती."

ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी अप्पा गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मांडव होता. भंतेजींचं सुत्तपठण झालं, दोघा-तिघांची भाषणं झाली. मग मच्छिंद्र उठला. त्याचा अप्पांवर फार जीव. माइकपाशी जाऊन बोलला. "अप्पानी सगळ्यायच्या आधी ते पानी पिऊन दाखवलं. आता आपन सगळ्यायनी इथून उठायचं, इहिरीवर जायचं आन्‌ अप्पाच्या नावानं एकेक ओंजळ प्यायची. लेकरासकट." लोक 'हो, हो' म्हणत उठायलाही लागले. बायकांनी तांबे आणलेच होते. कुणीतरी आधीच विहिरीच्या पाण्याचा हंडा भरून अप्पांच्या फोटोसमोर ठेवला होता.

मी अक्षताकडं बघितलं. ती माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या मुठीत एक छोटी बाटली होती. ती बाटली ती घरातून का घेऊन आली होती, ते मला आत्ता कळलं. कुणीतरी असं काही म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, मी अप्पांना हो म्हणाले होते."

एवढंच म्हणाली आणि उठून माइकपाशी गेली.

"पिऊ नका," ती म्हणाली. "अप्पा त्या पाण्यानं गेले."

तांबे घेऊन उठलेल्या बायका परत खाली बसल्या. तिनं बाटली वर धरली. कालच विहिरीतून भरलेलं स्वच्छ पाणी शाईसारखं काळं झालं होतं. हेच अप्पांच्या पोटात सापडलं, असं तिनं सांगितलं. वास गेला, रंग गेला, रोग नाही गेला. टाकी होईपर्यंत कुणी थेंबसुद्धा प्यायचा नाही.

"तू तर साफ केलं म्हनत व्हती!" मागून कुणीतरी ओरडलं. "एवढं उष्टं आणून आणून हेच केलं का?" आणखी एकजण म्हणाला. बापाचा जीव घेतला आणि आता बापाचं नावही घालवते, असंही कुणी बोललं. कोण ते मला माहीत आहे, पण सांगत नाही, तोही त्या दिवशी रडत होता. मच्छिंद्र तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मंग अप्पानी जे केलं तो काय येडेपना व्हता का, अक्षता? एवढं सांग."

अक्षता हातात बाटली धरून नुसती उभी राहिली.

तेव्हा माय उठली. चार माणसांत ती कधी बोललेली नाही. लग्नात उखाणा घ्यायला सांगितलं तरी पदरात तोंड लपवायची. ती सरळ फोटोसमोर गेली, हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि बाहेर लिंबाच्या बुडाशी नेऊन सगळा ओतला. मग रिकामा हंडा कमरेवर घेऊन वळली.

"येडेपना न्हाई," ती म्हणाली. "पोरीवर भरोसा व्हता त्यायचा. भरोसा काय बाटलीत घालून तपासायची चीज हाये का? पर ते गेले. तुमची लेकरं कामून घालवता?"

मग तिनं अक्षताकडं बघितलं. मला वाटलं, आता ती काही तरी बोलेल, नवरा गेलेली बाई बोलते तसं. ती एवढंच म्हणाली, "चल घरी. तू सकाळपून जेवली न्हाई."

लोक हळूहळू उठून गेले. कुणी विहिरीकडं गेलं नाही. मच्छिंद्र तेवढा मांडवाच्या खांबाला टेकून किती तरी वेळ बसून होता.

दुसऱ्या दिवशी अक्षतानं अंबडहून लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश आणला आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवले. "अक्षर तुझं चांगलं आहे, ताई."

आम्ही तिघी विहिरीवर गेलो. पताका अजून तशाच होत्या. पाणी खरोखर इतकं नितळ होतं की कुणालाही प्यावंसं वाटेल. कठड्यावर लिहायला मोकळी जागा एकच होती, 'रामकिसन १९७२'च्या खाली. शाळेत मी रोज फळा भरून लिहिते, पण त्या दिवशी पहिलं अक्षर काढायला मला जमेना. आमच्या सगळ्या खानदानात 'इथं पाणी पिऊ नका' असं लिहिणारा पहिला हात माझा होता, आणि लिहायचं होतं ते बापाच्या नावाखाली, बापानं खोदलेल्या विहिरीवर. शेवटी लिहिलं. 'हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.' ओघळ आले ते अक्षतानं बोटानं टिपले.

मायला वाचता येत नाही. डबा धरून ती उभी होती. "काय लिवलं?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"म्हंजी, पानी पिऊ नका म्हनून?"

"हो, माय."

तिनं त्या अक्षरांवरून नजर फिरवली, मग वरच्या, बोटानं लिहिलेल्या अक्षरांवरून. तेवढी तिला ओळखता येत होती.

"ते असते तर पुसून टाकलं असतं," ती म्हणाली.

"म्हणूनच पक्का रंग आणलाय," अक्षता म्हणाली आणि कठड्याला डोकं टेकून, अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडायला लागली.

रंग वाळेपर्यंत आम्ही तिघी तिथंच बसून राहिलो. मग ड्रमातल्यांना गूळ घालायची वेळ झाली, म्हणून माय उठली.